शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा दत्तक घेतला: दादूचे पाच महिने

केतकीवन | ९ मार्च, रात्री ९:४०

मी केंटकीत लेक्झिंग्टनजवळ राहते. माहेर पुण्यात, वानवडीला. एम्प्रेस गार्डनच्या बाजूला पहाटे रेसकोर्सचे घोडे फिरवायला न्यायचे. त्या टापांच्या आवाजात मी दहावीचा अभ्यास केला. घोड्यावर बसायला मात्र शिकले ती इथे येऊन, पस्तिशी उलटल्यावर. गेल्या ऑक्टोबरात एका दत्तक संस्थेकडून शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा आणला. त्याला आता पाच महिने झाले. विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) बरेच जण विचारत होते, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी हे, की असा घोडा दत्तक द्यायची वेळच का येते. इथे वर्षाला सतरा हजारांच्या आसपास थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) शिंगरं नोंदली जातात. दोन वर्षांचं झालं की शर्यत सुरू, आणि पाच-सहा वर्षांचं होईतो बहुतेकांचं धावणं संपतं. घोडा जगतो पंचवीस वर्षं, कधी तीससुद्धा. म्हणजे धावणं संपल्यावर वीस वर्षं उरतात, आणि त्या वीस वर्षांचा खर्च कुणाच्याच हिशोबात धरलेला नसतो. काही घोड्या पैदाशीला जातात, नर अगदी मोजके. बाकीचे बहुतेक नर आधीच खच्ची केलेले असतात.

फर्डिनांड नावाच्या घोड्याने १९८६ ची केंटकी डर्बी जिंकली, १९८७ मध्ये तो वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला. १९९४ मध्ये तो पैदाशीसाठी जपानला गेला. तिथे त्याला मागणी राहिली नाही आणि २००२ मध्ये त्याला कत्तलखान्यात पाठवलं. इथे बातमी पोचली २००३ मध्ये. डर्बी जिंकलेल्या घोड्याचं हे झालं, तर छोट्या शर्यतींत चौथा-पाचवा येणाऱ्याचं काय होत असेल, हा प्रश्न तेव्हा खूप जणांना पडला. अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, पण घोडे ट्रकमधून मेक्सिकोला आणि कॅनडाला जात राहिले. त्यातले सगळे म्हातारे किंवा लंगडे नसतात. लिलावाच्या दिवशी गिऱ्हाईक मिळालं नाही, एवढाच अनेकांचा गुन्हा.

दत्तक संस्था त्याआधीपासून आहेत. थरोब्रेड रिटायरमेंट फाउंडेशन १९८२ चं. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिल तुरुंगात कैद्यांच्या हाती निवृत्त घोडे सांभाळायला दिले आणि ते काम टिकलं. २०१२ पासून थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स अशा संस्थांची तपासणी करून मान्यता देते. मी ज्यांच्याकडून घोडा घेतला ती संस्था मान्यताप्राप्त होती, आणि शोधताना मी पहिली तीच गोष्ट बघितली.

फॉर्म भरायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तुमचा व्हेट (जनावरांचा डॉक्टर) कोण, नालबंद कोण, तुम्ही भारतात गेलात तर घोड्याचं कोण बघणार, कुंपण कशाचं आहे (काटेरी तार असेल तर अर्ज तिथेच थांबतो), सोबत दुसरा घोडा आहे का, तुमचं वजन किती, किती वर्षं बसता, पडला आहात का. माझ्या व्हेटला त्यांनी खरंच फोन केला. तबेल्याचे फोटो मागवले. त्या सुमारास नवरा म्हणाला की आपल्या लग्नात इतकी चौकशी झाली नव्हती.

मला हवी होती एक करडी घोडी. फोटोत बघितली आणि जीव जडला. संस्थेच्या बाईंनी मला तिच्यावर बसू दिलं, अर्धा तास बघितलं आणि शांतपणे सांगितलं, ही तुमच्यासाठी नाही. हिला रोज काम देणारा, तरबेज स्वार हवा. मग त्या मला शेवटच्या ठाणावर घेऊन गेल्या. तिथे एक कुमाईत (तांबूस तपकिरी, काळ्या आयाळीचा) घोडा उभा होता. सात वर्षांचा, एकतीस शर्यती, तीन विजय. डाव्या पुढच्या पायाची कंडरा कधीतरी दुखावलेली. बाजूने बघितलं तर धनुष्यासारखा हलका फुगवटा दिसायचा. जखम जुनी, भरलेली. उड्या मारायला चालणार नाही, पण रपेटीला, शेतातून फिरायला उत्तम, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. एक्स-रे आणि सोनोग्राफी माझ्या व्हेटला पाठवली. मी हात पुढे केला तर त्याने नाक माझ्या कोपरात खुपसलं आणि तसाच उभा राहिला. त्याला नाव दिलं दादू.

करारात काय होतं ते मुद्दाम लिहिते, कारण मला पुढे त्याचंच महत्त्व कळलं. पुन्हा शर्यतीत पळवायचा नाही. वर्षभर विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, तबेला बदलला तर कळवायचं. ठरावीक महिन्यांनी व्हेटच्या सहीचा अहवाल आणि फोटो पाठवायचे. आणि सांभाळणं जमेनासं झालं, आज किंवा दहा वर्षांनी, तर घोडा परत त्यांच्याकडे आणायचा. ते घेतील.

विचारा काय विचारायचं ते. पहिल्या तीन महिन्यांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते.

नवखा_भिडू | ९ मार्च, रात्री ११:०५

ताई, फार छान. मी न्यू जर्सीत असतो, मुलगी दोन वर्षं रायडिंगला जाते आणि घरात रोज घोड्याचा विषय आहे. दोन प्रश्न. थेट रेसकोर्सवरून विकत घेतला तर स्वस्त पडतो असं ऐकलं, मग संस्था कशाला? आणि हे घोडे तापट असतात म्हणतात. लगाम ओढला तरी थांबत नाहीत म्हणे.

केतकीवन | १० मार्च, सकाळी ७:१५

थेट घेतला तर कधी कधी खरंच स्वस्त मिळतो. पण तेव्हा घोड्याची पारख तुमची, पायाचा एक्स-रे तुमचा, आणि चूक झाली तर ती चूकही तुमच्याच दारात उभी. संस्थेत त्याला दोन-तीन महिने ठेवलेलं असतं, वेगवेगळ्या लोकांनी बसून बघितलेलं असतं. मला करडी घोडी देण्याचं नाकारणारं माणूस तिथे होतं, म्हणून संस्था. दत्तक शुल्क घोड्याप्रमाणे काही शे डॉलरपासून दोनेक हजारांपर्यंत असतं. खरा खर्च पुढचा. मी तबेल्याला महिन्याला ६५० डॉलर देते. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी, दात घासून घ्यायचे वर्षातून एकदा, लसी, रक्ताची तपासणी हे वेगळं.

लगामाचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण त्यात तापटपणा नाही, शिकवण आहे. शर्यतीत जॉकी लगाम घट्ट धरतो, घोडा त्या धरण्यावर रेलतो आणि पळतो. म्हणजे त्याच्या भाषेत लगाम ताणला याचा अर्थ 'चल, जोरात'. आपण घाबरून ओढत राहिलो की तो बिचारा आपलं काम आणखी मन लावून करतो! मी पहिले दोन महिने थांबायला लगाम वापरलाच नाही. पाठ सरळ करून खोल बसायचं, श्वास सोडायचा, 'होऽऽ' म्हणायचं. तो थांबला की मान खाजवायची. आता माझा श्वास सुटला की दादू थांबतो.

अशा आणखी कितीतरी गोष्टी. शर्यतीच्या घोड्यावर स्वाराला खालून पाय धरून वर टाकतात, तेही घोडा चालत असताना. त्यामुळे मी चौरंगावर चढून रिकिबीत पाय घातला की दादू चालू पडायचा. त्याला वाटायचं, असंच असतं. इथल्या शर्यती डावीकडे वळत धावतात, म्हणून डावं वळण लोण्यासारखं आणि उजवीकडे वळताना लाकूड. त्याला कुरणात मोकळं सोडणं माहीत नव्हतं. तालमीत असताना दिवसाचे बावीस-तेवीस तास ठाणबंद असायचा. पहिल्या दिवशी मोकळं सोडलं तर कुंपणाला लागून नुसता येरझारा घालत राहिला, गवताकडे बघितलंही नाही. मग रोज हातात दोरी धरून अर्धा तास चारायचा, नंतर छोट्या पॅडॉकमध्ये एका म्हाताऱ्या शांत घोड्याबरोबर, आणि पाचव्या आठवड्यात मोठ्या कुरणात.

त्या तीन महिन्यांत मी त्याच्यावर जेमतेम दहा वेळा बसले असेन. ढील द्यावी लागते. शरीराला पण आणि डोक्याला पण.

खुरपारखी | १० मार्च, सकाळी १०:३०

केतकीवन, चांगला धागा. मी व्हेट आहे, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलो, आता बरीच वर्षं घोड्यांचंच काम. थोडी भर घालतो.

घोड्याच्या पोटात आम्ल अखंड पाझरत असतं, खाल्लं तरी, नाही खाल्लं तरी. ते शमवते त्याची लाळ, आणि लाळ सुटते फक्त चावताना. रानात घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, म्हणून त्याचं निभतं. रेसचा घोडा दोन-तीन वेळा भरपूर दाणा खातो आणि मधले कित्येक तास रिकाम्या पोटी उभा राहतो. तालमीतल्या बहुसंख्य घोड्यांच्या जठरात व्रण सापडतात ते त्यामुळे. नवा घोडा वजन धरत नसेल, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येत असेल, दाणा अर्धवट टाकत असेल, तर आधी 'स्वभाव वाईट' म्हणू नका, पोट तपासा. एका घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो वाळलेलं गवत लागतं, ते दिवसभर पुरवून पुरवून खायला मिळालं पाहिजे. दाणा हळूहळू कमी करायचा, एकदम बदल केला की पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, हे ज्याच्या घरी घोडा आहे त्याने कायम ध्यानात ठेवावं. आत गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे.

एक विचारतो. नाल कधी काढले? शर्यतीचे नाल अॅल्युमिनियमचे, हलके असतात आणि थरोब्रेडचा तळवा पातळ. बरेच लोक उत्साहात घरी आणल्याबरोबर नाल काढतात.

केतकीवन | १० मार्च, दुपारी १२:५०

डॉक्टर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. दहाव्या दिवशी काढले. कुणीतरी सांगितलं की अनवाणी ठेवणं नैसर्गिक. जमीन टणक होती, दादू तिसऱ्या दिवशी प्रत्येक पाऊल काचेवर टाकल्यासारखं टाकायला लागला. दोन आठवडे मऊ अंथरुणावर ठेवला, पुन्हा नाल ठोकले. त्या दोन आठवड्यांत मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही. पोटाचंही तसंच निघालं. तंग आवळताना कान मागे टाकायचा, मला वाटलं जुनी सवय. दुर्बिणीने बघितलं तर व्रण. महिनाभर औषध चाललं, आणि औषध महाग आहे. पण नंतर जो घोडा बाहेर आला तो वेगळाच होता.

अनुस्वार | १० मार्च, रात्री ८:२०

कुणाचं मन दुखवायचं नाही, पण मनात आलं ते विचारतो. महिन्याला साडेसहाशे डॉलर, म्हणजे आपले पन्नास हजारांहून जास्त रुपये, एका घोड्यावर. गावाकडे तेवढ्यात दोन कुटुंबं चालतात. हे पटवून कसं घेता?

तापीकाठ | १० मार्च, रात्री ९:४५

अनुस्वार, मी उत्तर देऊ का? मी शेतकऱ्याच्या घरचा, नंदुरबार जिल्ह्यातला. आमच्या घरी दोन बैलजोड्या होत्या. पोळ्याला त्यांची पूजा व्हायची, पुरणपोळीचा पहिला घास त्यांना. त्यातला एक, सर्जा, चौदा वर्षं राबला. थकला तेव्हा सलग दोन वर्षं दुष्काळ होता. वडिलांनी त्याला बाजारात नेला. परत आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. आजोबांनी मात्र त्यांच्या काळात एकही म्हातारा बैल विकला नव्हता, दावणीलाच जायचा आणि बांधाला पुरायचा. मी दोघांनाही दोष देत नाही. पण ज्याला परवडतं त्याने आजोबांसारखं वागलं तर त्यात गैर काय? ज्याच्या पायांवर लोकांनी पैसे लावले, त्याला वीस वर्षं गवत देणं ही चैन नव्हे. फेड आहे.

घोड्यांबद्दल सांगायचं तर सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला, मी लहानपणापासून जातो. तिथे घोडा बघतात तो अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून. देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं) आहे का, चाल कशी. सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो. त्या बोटांच्या भाषेत हजार आहेत, लाख आहेत, पण 'नाही जमलं तर परत आण, मी घेईन' याची खूण नाही. केतकीवन यांच्या करारातलं ते शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ बसून राहिलो.

अनुस्वार | १० मार्च, रात्री १०:१०

तापीकाठ, फेड हा शब्द पटला. माझा प्रश्न मागे घेतो.

मुळामुठा | ११ मार्च, पहाटे ५:५०

रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते. मी पुण्यात आहे. आम्ही तिघी मैत्रिणी शहराबाहेर भाड्याच्या जागेत शेड टाकून निवृत्त रेसचे घोडे सांभाळतो. संस्था वगैरे नाही, नोंदणी नाही. सध्या चार आहेत. पुण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, मग घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात, एप्रिलपर्यंत तिकडे. हंगाम संपत आला की फोन येतात. एखादा मालक स्वतः फोन करतो, खर्चाला हातभार लावतो, महिन्यातून बघायला येतो. असेही मालक आहेत, हे सांगितलं पाहिजे. बाकी बऱ्याच वेळा फोन सईसाचा असतो. ज्याने चार वर्षं रोज त्याला खरारा केलेला असतो, तो विचारतो, "ताई, याला कुठं तरी चांगल्या जागी लावा ना."

थरोब्रेड हा काही भीमथडी तट्टासारखा काटक नसतो. डोंगरात ओझं वाहायला, चौपाटीवर पोरं फिरवायला तो बांधलेलाच नाही. कातडी पातळ, पाय लांब, खायला चांगलं लागतं. लसूणघास, ओट, कोंडा, वाळलेलं गवत धरून एका घोड्याला आम्हाला महिन्याला पंधरा-सोळा हजार लागतात, माणसाचा पगार वेगळा. त्यामुळे आम्ही पण घरं शोधतो आणि देतो. आतापर्यंत नऊ दिले. सात छान आहेत.

एकाबद्दल लिहिते. दोन वर्षांपूर्वी एक चॉकलेटी रंगाचा, सहा वर्षांचा, अतिशय गुणी घोडा एका गृहस्थांना दिला. फार्महाउस होतं, आंब्याची सावली होती, मुलं प्रेमळ होती. मी स्वतः जाऊन बघितलं. फुकट दिला. कागद केला नाही. चहा प्यायलो आणि हात जोडले. पहिले तीन महिने फोटो आले, मग येईनात. आठ महिन्यांनी एका लग्नाच्या वरातीत मला तो दिसला. बँडच्या समोर, डोळ्यावर झुलीची झालर, फटाके फुटत होते आणि तो घामाने भिजून थरथरत होता. मी लांबून त्याच्या नावाने हाक मारली. त्याने कान वळवले.

जवळ जाऊन बघितलं तर तंगाखाली दोन्हीकडे जखमा, फासळ्या मोजाव्यात अशा. तो तोवर तीन हात बदलून तिथे पोचला होता. ज्याच्याकडे होता त्याने पैसे मोजून घेतलेला. मी कुठल्या तोंडाने परत मागणार? माझ्याकडे एक ओळ लिहिलेली नव्हती. शेवटी वर्गणी काढून, त्याने सांगितलेल्या किमतीला परत विकत घेतला. आज तो आमच्याकडेच आहे आणि मी तो कुणालाही देणार नाही.

केतकीवन, तुमचा करार मला मिळेल का?

केतकीवन | ११ मार्च, सकाळी ६:३०

माझ्याकडे तेव्हा रात्र होती, वाचून उठून बसले. संस्थेला विचारते. त्यांनी हो म्हटलं की पाठवते. नाही म्हटलं तरी त्यात काय काय असतं ते मला पाठ आहे.

कलमबद्ध | ११ मार्च, सकाळी ११:००

मुळामुठा, मी पुण्यात वकिली करते. मसुदा मी मराठीत करून देईन, पैसे नकोत.

लोकांना वाटतं प्राण्यांसाठी कायदा आहे ना, मग करार कशाला. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. जखमी जनावराला कामाला जुंपणं, उपाशी ठेवणं हे त्यात गुन्हेच आहेत. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आजही. जनावराला ठार मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पण वरातीत पळवला, उपाशी ठेवला, विकून टाकला, यावर तुमच्या हातात काय? करार. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया (मुंबईतल्या घोडागाड्या) बेकायदा ठरवल्या, तेव्हाही पहिला प्रश्न हाच उभा राहिला होता की मग हे घोडे जाणार कुठे.

माझा सल्ला असा की 'दान दिला' हा शब्दच वापरू नका. दान दिलं की मालकी गेली. 'सांभाळण्यासाठी ताब्यात दिला, मालकी अमुक यांच्याकडेच राहील' असं लिहा. मालकी तुमची असेल तर तिसऱ्या माणसाकडूनही तुम्ही हक्काने मागू शकता. इथे तुमचा करार अमेरिकेतल्यापेक्षा कडक असलेला बरा.

खुरपारखी | ११ मार्च, दुपारी १:२०

त्यात माझ्याकडून हे घाला. घोड्याची ओळख त्याच्या कातडीखालच्या चिपच्या क्रमांकासह लिहा, सोबत चारही बाजूंचे फोटो आणि अंगावरचे भोवरे. भोवरे शुभ-अशुभासाठी नव्हेत, ते बोटांच्या ठशांसारखे असतात म्हणून. चार पांढरे पाय असलेले घोडे खूप असतात, भोवऱ्यांची जागा प्रत्येकाची वेगळी. घोड्याच्या पासपोर्टची (ओळखपत्राची) मूळ प्रत स्वतःकडे ठेवा.

ग्लँडर्सची तपासणी केल्याशिवाय घोडा आत घेऊ नका आणि बाहेर देऊ नका. तो रोग माणसालाही होतो. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो. तोवर नवा घोडा वेगळा बांधा, पाण्याची बादली वेगळी. आणि दर तीन महिन्यांनी व्हेटने लिहून दिलेलं वजन. फोटो फसवतात, हिवाळ्यात केस वाढले की फासळ्या झाकल्या जातात. छातीभोवती टेप लावून मोजायला सांगा.

नवखा_भिडू | ११ मार्च, रात्री ९:००

मुलीला मुळामुठा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, त्याने कान वळवले म्हणजे त्याला आठवत होतं." मग रडली. आम्ही सध्या घोडा घेणार नाही. ती अजून तेरा वर्षांची आहे, चार-पाच वर्षांनी कॉलेजला जाईल, तेव्हा घोड्याचं काय, याचं उत्तर आमच्याकडे नाही. पण जवळच्या दत्तक संस्थेत शनिवारी मदतीला माणसं लागतात असं कळलं. ठाणं साफ करायची, खरारा करायचा. दोघं जाणार आहोत.

केतकीवन | ११ मार्च, रात्री १०:४०

भिडू, ते उत्तर नाही म्हणून थांबलात हेच बरोबर केलंत. संस्थेचा फॉर्म नेमकं तेच विचारतो.

आज दादूबद्दल एक सांगायचं राहिलं होतं ते सांगते. घोडे उभ्याने डुलकी काढतात, पण गाढ झोपेसाठी त्यांना आडवं पडावंच लागतं, आणि आडवा घोडा म्हणजे पळायला वेळ लागणारा घोडा. त्यामुळे जागा आपली वाटेपर्यंत ते पडत नाहीत. दादूच्या पुढच्या पायांच्या घोट्यांवर खरचटलेलं दिसायचं. डॉक्टर ओळखतील, उभ्याने झोपेत कोसळायचा तो. साडेतीन महिने. जानेवारीत एका सकाळी बर्फ पडलेलं असताना मी गेले, तर म्हातारा घोडा पहारा देत उभा आणि दादू त्याच्या पायाशी कुशीवर पसरलेला. मी मेला असं समजून धावले. तो घोरत होता.

मुळामुठा | २३ मार्च, रात्री ८:१५

कळवायला उशीर झाला. कलमबद्ध ताईंनी मसुदा केला, केतकीवन यांच्या संस्थेने आपला करार आनंदाने पाठवला, डॉक्टरांनी दोनदा वाचला. पाचशे रुपयांच्या स्टँपवर आठ पानं झाली आहेत. मराठीत, कारण घोडा सांभाळणाऱ्या माणसाला तो स्वतः वाचता आला पाहिजे.

पहिला उपयोग लगेच झाला. एक पाच वर्षांची घोडी आहे, तिला दोन घरं विचारत होती. पहिल्या गृहस्थांनी कागद बघितला आणि म्हणाले, एवढा अविश्वास असेल तर राहू द्या. दोन आठवड्यांपूर्वी मी ओशाळले असते आणि कागद बाजूला ठेवला असता. यावेळी नमस्कार केला आणि निघाले. दुसरं घर साताऱ्याकडचं. आई आणि मुलगी, मुलगी स्पर्धांत भाग घेते, त्यांच्याकडे आधीच दोन घोडे आहेत. आईने एकेक कलम बोट ठेवून वाचलं. 'परत आणून द्यावा' यापाशी थांबल्या आणि विचारलं, "खरंच घ्याल ना परत? का नुसतं लिहायचं म्हणून?"

तापीकाठ | २३ मार्च, रात्री ८:४०

मग काय सांगितलंत? जागा आहे का तुमच्याकडे?

मुळामुठा | २३ मार्च, रात्री ९:०५

जागा नाही. तिचं ठाण रिकामं झालं की दुसरा घोडा येणारच आहे, सईसाचा फोन कालच आला. त्यांना तेच सांगितलं. म्हटलं, ठाण नसलं तर मांडवाखाली बांधू, पण परत घेऊ. त्यांनी सही केली, मीही केली. ग्लँडर्सचा अहवाल आला की घोडी जाईल. तिचा खरारा, मोरकी आणि पंधरा दिवसांचा तोच दाणा बरोबर देते आहे, म्हणजे पोटाला एकदम फरक पडणार नाही.

साताऱ्यापर्यंत घोड्याची गाडी कुणाच्या ओळखीत असेल तर विपू करा. उघडा टेंपो नको.